उत्तरपत्रिका नसलेली परीक्षा

परीक्षा हा शब्द उच्चारला कीं आमच्या पिढींतील माणसांच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें: लांबच लांब दालन, रांगेनें मांडलेलीं बाकें, पुरवणीला बांधावयाचा दोरा, आणि कोठें तरी परगांवीं बसलेला, ज्याचें नांव आपणांस कधींच कळावयाचें नाहीं असा परीक्षक. प्रश्नास एक बरोबर उत्तर असतें, तें त्या परीक्षकाजवळ असतें, आणि आपलें उत्तर त्याच्याशीं जुळलें म्हणजे गुण मिळतात, ही ह्या साऱ्या व्यवस्थेमागची श्रद्धा. ज्या विषयांत बरोबर उत्तर असें कांहीं नसतेंच, त्याचे गुण कोणीं व कशावरून द्यावयाचे, हा प्रश्न आमच्या मनांत पूर्वीं कधीं आला नव्हता. तो गेल्या हिवाळ्यांत आमच्या घरांतच उपस्थित झाला, आणि त्यावरून दोन दिवस जेवणाच्या पानावर जो वाद झाला त्याचें फळ म्हणून हा लेख वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्याचें असें झालें. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या अमेरिकेंतील एका विद्यापीठांत संगणकशास्त्राचें शिक्षण घेत आहे. डिसेंबरच्या सुटींत ती घरीं आली आणि तिच्या पाठोपाठ तिचा निकालही आला. गणितांत ‘ए’, अल्गोरिदम म्हणून जो कठीण विषय आहे त्यांत ‘ए’, आणि ‘यूजर इंटरफेस डिझाइन’ ह्या विषयांत मात्र ‘बी’. आमचे बंधु बँकेंत हिशेबतपासनीस आहेत. त्यांस ह्या ‘बी’चा फार राग आला. “कागदाचे कपटे चिकटवून त्यावर चौकोन काढावयाचे, एवढ्यासाठीं आम्हीं इतकी फी भरली, आणि त्यांतही ‘बी’?” मुलगी कांहीं बोलली नाहीं. तिच्या मातोश्री, म्हणजे आमच्या भावजय, म्हणाल्या कीं परीक्षकांचा कांहीं तरी पूर्वग्रह असला पाहिजे. परदेशांत आपल्या मुलांना कोण विचारतो? आमच्या आई माळ ओढीत बसल्या होत्या. त्यांनीं एवढेंच विचारलें कीं, “बी म्हणजे पास ना?”

दुसऱ्या दिवशीं आम्हीं ह्या विषयाचा थोडा माग काढला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या विख्यात संस्थेनें आपल्या पुष्कळ अभ्यासक्रमांचे कागद जगापुढें विनामूल्य उघडे ठेवले आहेत. त्यांत प्राध्यापक रॉब मिलर ह्यांनीं २०११ च्या वसंतसत्रांत शिकविलेल्या ह्याच विषयाचीं टिपणें, गृहपाठ व प्रकल्पाच्या सूचना आहेत. आमच्या पुतणीचें विद्यापीठ तें नव्हे, आणि तिच्या विद्यापीठाचें नांव येथें सांगण्याचें कारणही नाहीं. पण शिकविण्याची धाटणी पुष्कळशी एकच आहे असें ती म्हणाली, म्हणून तोच नमुना येथें घेतों.

प्रथम हा विषय म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. यंत्राच्या पोटांत काय चाललें आहे हें आपणांस दिसत नाहीं. आपणांस दिसते ती त्याची माणसाकडे असलेली बाजू: बटणें, पडदा, पडद्यावरील अक्षरें आणि चिन्हें. ह्या बाजूस इंटरफेस म्हणतात. ती कशी असावी हा विचार केवळ संगणकापुरता नाहीं. आमच्या भगिनीवाचकांस पटेल असें उदाहरण देतों. चार बर्नरची गॅसची शेगडी घ्या. बर्नर दोन पुढें, दोन मागें, असे चौकोनांत. आणि त्यांचीं बटणें मात्र पुढें एका ओळींत. कोणतें बटण कोणत्या बर्नरचें? वर्षानुवर्षें त्याच शेगडीवर स्वयंपाक करणारी गृहिणीही घाईंत एखादे वेळीं भलतेंच बटण फिरवते, आणि मग स्वतःच्या वेंधळेपणास बोल लावते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन ह्यांनीं १९८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकांत शेगडीचा आणि तशाच फसव्या दारांचा दाखला देऊन असें प्रतिपादिलें कीं, दोष वापरणाऱ्याचा नाहीं, मांडणीचा आहे. साध्या दारावर ‘ढकला’ किंवा ‘ओढा’ अशी पाटी लावावी लागली, म्हणजे त्या दाराचा घाटच चुकला असें समजावें. माणूस चुकला कीं प्रथम वस्तूकडे पाहावें, हा ह्या विद्येचा पहिला पाठ. तो दिसतो तितका सोपा नाहीं, कारण आपल्याकडे घरांत भांडें पडलें तर प्रथम सुनेकडे पाहण्याची रीति आहे.

आतां अभ्यासक्रमाकडे वळूं. प्रत्येक तासाच्या आरंभीं एक छोटी करमणूक असते. प्रत्यक्ष वापरांतील एखादा पडदा वर्गापुढें मांडावयाचा आणि तो सन्मानाच्या दालनांत ठेवावा कीं लज्जेच्या दालनांत, ह्याची चर्चा करावयाची; ह्यास ते ‘हॉल ऑफ फेम ऑर शेम’ म्हणतात. शिवाय ‘नॅनोक्विझ’ नांवाची कांहीं मिनिटांची चांचणी असते. मागील व्याख्यानांवर थोडे प्रश्न विचारावयाचे, आणि लगेच उत्तरें गोळा करावयाचीं. सत्राअखेर एकदम घोकंपट्टी करण्याची सोय त्यामुळें उरत नाहीं. (आमच्या वेळीं अशी चांचणी असती तर आम्ही पदवीधर झालों असतों कीं नाहीं, ह्याची शंकाच आहे.) ह्या चांचण्यांना बरोबर-चूक असें उत्तर असतें, म्हणून त्यांविषयीं अधिक लिहीत नाहीं.

खरी परीक्षा सत्रभर चालणाऱ्या समूहप्रकल्पाची. विद्यार्थ्यांनीं लहान गट करून लोकांचें एखादें अडलेलें काम निवडावयाचें आणि तें सुकर करील असा पडदा घडवावयाचा. गंमत अशी कीं, पहिल्या पायरीवर संगणकास हातही लावावयाचा नाहीं. ज्यांच्यासाठीं वस्तु करावयाची त्यांच्याकडे जावें, तें काम ते सध्यां कसें करतात तें पाहावें, कोठें अडतें तें विचारावें. दुसऱ्या पायरीवर एक नव्हे तर तीन निरनिराळे आराखडे हातानें काढावयाचे. कारण माणसाला पहिल्या सुचलेल्या कल्पनेची माया जडते आणि मग दुसरी सुचतच नाहीं. तिसऱ्या पायरीवर बंधूंना राग आणणारे तें कपट्यांचें काम येतें. पडद्याचा नमुना कागदावर करावयाचा. बटणें, याद्या, सूचना सारें कागदाचें. एक विद्यार्थी संगणक होऊन बसतो. पाहुण्यानें कागदी बटणावर बोट ठेवलें कीं तो मुकाट्यानें पुढचा कागद सरकवतो. दुसरा पाहुण्याला काम समजावून देतो, आणि उरलेले टिपणें घेतात. कागद कां, तर तो फाडतांना जीव हळहळत नाहीं, आणि पाहणाराही मोकळेपणानें दोष सांगतो. चकचकीत पडदा पाहिला कीं माणसें रंगाविषयीं बोलूं लागतात, आणि भिडेनें ‘छान आहे’ म्हणून निघून जातात. ह्यानंतरच संगणकावरील नमुना, मग वर्गबंधूंकडून त्याची चिकित्सा, मग पूर्ण वस्तु, आणि शेवटीं पुन्हां खऱ्या माणसांपुढें तिची चांचणी.

वर्गबंधूंची चिकित्साही वाऱ्यावर सोडलेली नाहीं. जेकब निल्सन व रॉल्फ मोलिख ह्यांनीं १९९० सालीं अशा परीक्षणासाठीं कांहीं तत्त्वें सांगितलीं, आणि निल्सन ह्यांनीं १९९४ सालीं तीं सुधारून दहा केलीं. यंत्र सध्यां काय करीत आहे हें माणसाला दिसावें. यंत्राची भाषा माणसाच्या व्यवहारांतील असावी. केलेलें परत फिरवितां यावें. अशा धर्तीचीं हीं तत्त्वें आहेत. नुसतें ‘आवडलें नाहीं’ असें लिहून भागत नाहीं. कोणतें तत्त्व कोठें मोडलें, तो दोष केवळ दिखाऊ आहे, किरकोळ आहे, मोठा आहे कीं घातक आहे, आणि त्यावर उपाय काय, एवढें लिहिलें तर गुण. नाटकांचीं परीक्षणें लिहिणाऱ्या आमच्या कांहीं मित्रांस हा नियम लावून पाहावा असें आम्हांस फार वाटतें.

शेवटच्या चांचणीचे गुण कशावर, हें वाचून तर आम्ही थक्कच झालों. लोकांपुढें आपली वस्तु ठेवल्यावर जे जे दोष आढळले ते सारे लिहून काढावयाचे आणि ते कसे दूर कराल तें सांगावयाचें, असा तो प्रश्न आहे. म्हणजे स्वतःच्या कृतींतील व्यंग शोधून चारचौघांत सांगितल्याबद्दल गुण! ‘सर्वांना आवडलें, कोणीही अडलें नाहीं’ असें लिहिणाऱ्या गटानें बहुधा डोळे मिटून चांचणी घेतलेली असते. निल्सन व टॉमस लँडॉअर ह्यांनीं १९९३ सालीं मांडलेला एक हिशेब ह्या विद्येंत प्रसिद्ध आहे. एक माणूस सरासरीनें शेंकडा ३१ दोष उघडकीस आणतो, असें धरलें तर पांच माणसांत शेंकडा ८५ च्या आसपास दोष सांपडतात. हें प्रमाण सर्वत्र लागू पडतें असें नाहीं. पांच माणसें मुळींच पुरेशीं नाहींत असें २००१ सालीं जेरेड स्पूल व विल श्रोडर ह्यांनीं दाखविलें. पण पांच काय आणि पंधरा काय, नीट चांचणी घेतली तर कांहींच निघालें नाहीं असें होत नाहीं.

आणि ‘नीट’ म्हणजे काय, ह्याचा एक कडक नियम आहे. चांचणीस बसलेल्या माणसाला आधीं सांगावयाचें कीं परीक्षा तुमची नाहीं, ह्या वस्तूची आहे. मनांत येईल तें मोठ्यानें बोलत जा. त्यानंतर विद्यार्थ्यानें गप्प बसावयाचें. माणूस अडला, चुकला, घामाघूम झाला, तरी बोट दाखवावयाचें नाहीं, डोळ्यानें खुणावयाचें नाहीं, ‘वरती बघा’ म्हणावयाचें नाहीं. कारण वस्तु विकली गेल्यावर तिच्याबरोबर हा विद्यार्थी कांहीं घरोघर जाणार नाहीं.

येथपर्यंत आम्हीं बंधूंस वाचून दाखविलें, तेव्हां मुलगी प्रथमच बोलली. “काका, माझें तिथेंच चुकलें.” तिच्या गटानें एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठीं औषधें मागविण्याचें एक ॲप योजिलें होतें. शेवटच्या चांचणीला एक ऐशीं वर्षांच्या बाई आल्या होत्या. यादी उघडण्याचें चिन्ह त्यांना सांपडेना. हात कांपूं लागला, चष्मा काढून पुसला, आणि त्या ओशाळवाण्या हसून म्हणाल्या कीं माझेंच डोकें आतां चालत नाहीं. “मला आजी आठवली. मीं बोट दाखवलें.” पुढें बाईंनीं सारें काम भराभर पुरें केलें. मुलीनें अहवालांत हें जसें घडलें तसें लिहिलें. परीक्षकांनीं खरेपणाबद्दल चांगला शेरा दिला, पण गुण कापले. कारण बोट दाखविल्यावर पुढें जें झालें त्यावरून वस्तूविषयीं कांहींच सिद्ध होत नव्हतें, आणि नेमका तोच दोष सर्वांत मोठा असतांना त्यावर गटानें उपाय सुचविला नव्हता. गुण सबंध गटाचे. तिच्या दोन्ही सहाध्यायांचेही कमी झाले, आणि त्यांपैकीं एक तिच्याशीं आठवडाभर बोलला नाहीं.

खोलींत थोडा वेळ कोणी कांहीं बोललें नाहीं. थोरल्या माणसाला ताटकळत ठेवूं नये, हें ह्या मुलीला आम्हींच शिकविलें. पाणी मागण्याआधीं तांब्या पुढें करावा, पायरीवर हात द्यावा, हें ज्या घरांत वाढलेल्या मुलीच्या अंगवळणीं पडलें आहे, तिला एका म्हाताऱ्या बाईचे हाल स्वस्थ बसून पाहण्याचे गुण मिळवावयाचे होते. भावजय म्हणाल्या, “बरें केलेंस. असल्या गुणांना काय चाटायचें?” आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें. परंतु मुलीचें म्हणणें निराळें होतें. त्या बाई घरीं जाऊन ते ॲप उघडतील तेव्हां बोट दाखवावयास कोणी नसेल, आणि त्या पुन्हां स्वतःच्याच डोक्याला दोष देतील. ही गोष्ट तिला गुण कापले जाईपर्यंत कळली नव्हती. म्हणून ‘बी’बद्दल तिची तक्रार नव्हती. सहाध्यायांचें मात्र तिला वाईट वाटत होतें, आणि त्याला उत्तर आम्हांपाशींही नाहीं. एकाच्या चुकीचे गुण तिघांचे जावे हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस नवें नाहीं. पण परीक्षेंत तें अन्यायाचें वाटतें खरें.

राहिला भावजयींचा मुद्दा, कीं परीक्षक पूर्वग्रहदूषित असला तर काय? तो मुळींच टाकाऊ नाहीं. बरोबर उत्तर नाहीं म्हटल्यावर सारें परीक्षकाच्या नजरेवर येतें. ह्या बाबतींत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका प्रयोगाची हकीकत आम्हांस फार उद्बोधक वाटली. २०१२ सालीं प्राध्यापक स्कॉट क्लेमर ह्यांनीं हाच विषय इंटरनेटद्वारां जगांतील कोणासही शिकतां येईल असा खुला केला. हजारों लोकांनीं गृहपाठ पाठविले. इतके आराखडे तपासावयास परीक्षक कोठून आणावयाचे? तेव्हां विद्यार्थ्यांनींच एकमेकांचे गृहपाठ तपासावे असें ठरलें. ह्या प्रयोगाचा वृत्तांत २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत पहिलें नांव चिन्मय कुलकर्णी ह्यांचें आहे असें आम्हीं वाचतांच, आमच्या आईंनीं माळ थांबवून ‘कोणते कुलकर्णी?’ असें विचारलें.

योजना मोठी खुबीची होती. विद्यार्थ्याला प्रथम, शिक्षकांनीं आधींच तपासून ठेवलेले नमुने देऊन त्यांवर हात बसवावयास लावीत. मग त्यानें पांच सहाध्यायांचें काम तपासावयाचें. त्यांतील एक शिक्षकांनींही तपासलेलें असे, पण तें कोणतें हें तपासणाऱ्यास ठाऊक नसे. शेवटीं त्यानें स्वतःचें काम त्याच मोजपट्टीनें तपासावयाचें. आलेल्या गुणांची सरासरी न काढतां ते ओळीनें मांडून मधला आंकडा घेत. समजा, एखाद्यास ६०, ७०, ७२, ७५ आणि ९८ असे गुण पडले, तर त्याचे गुण ७२. एखादा सढळ हाताचा मामा आणि एखादी कडक शिस्तीची आत्या, ह्या दोघांचाही जोर अशा रीतीनें आपोआप निघून जातो.

मग विद्यार्थ्यांचे गुण आणि शिक्षकांचे गुण ताडून पाहिले. दुसऱ्या खेपेस शेंकडा ४२.९ विद्यार्थ्यांचे गुण शिक्षकांच्या गुणांपासून पांच टक्क्यांच्या आंत होते, आणि ६५.५ जणांचे दहा टक्क्यांच्या आंत. लेखकांस हें समाधानकारक वाटलें. हिशेबतपासनीस बंधूंनीं मात्र ताबडतोब उलट बाजूनें वजाबाकी केली: म्हणजे शंभरांतील चौतीसांहून अधिक जणांचे गुण दहा टक्क्यांपेक्षांही चुकले! दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. विनामूल्य शिकणाऱ्यास हें चालण्यासारखें आहे. ज्याची शिष्यवृत्ति दोन गुणांवर लोंबकळत आहे त्यास चालणार नाहीं.

पण आमचें लक्ष वेधलें तें दुसऱ्याच दोन आंकड्यांनीं. स्वतःचें काम तपासतांना विद्यार्थ्यांनीं शिक्षकांपेक्षां सरासरीनें सात टक्के अधिक गुण दिले. हें ऐकून कोणी नवल करणार नाहीं. दुसरा आंकडा असा कीं, आपल्याच देशांतील सहाध्यायाच्या कामास त्यांनीं इतर देशांतील कामापेक्षां ३.६ टक्के अधिक गुण दिले. भावजय विजयी मुद्रेनें म्हणाल्या, “पाहा, मी काय म्हणत होतें!” त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें हें कबूल केलें पाहिजे. मात्र हा पक्षपात परीक्षकांचा नसून एकमेकांस तपासणाऱ्या विद्यार्थ्यांचा होता, आणि तो सर्व देशांचा मिळून मोजलेला होता. आपली मुलेंही त्यांत आलींच.

ह्यावर उपाय काय? उपदेश नव्हे. तपासणाऱ्याला त्याचा हात सढळ पडतो कीं आखडता, एवढें दाखवून दिलें कीं पुढील खेपेस त्याची तपासणी अधिक अचूक होई. आणि दुसरा उपाय मोजपट्टीच्या भाषेचा. कोणत्या कलमावर तपासणाऱ्यांचीं मतें फांकतात तें पाहून त्यांनीं तीं कलमें पुन्हां लिहिलीं: वाक्यें एकाच घाटाचीं, शब्द निःसंदिग्ध, आणि काय मोजावयाचें तें स्पष्ट. तपासणींतील चूक, तीही मधल्या आंकड्यानें मोजलेली, १२.४ टक्क्यांवरून ९.९ वर आली. आमच्याच शब्दांत उदाहरण द्यावयाचें तर, ‘चित्रें चांगलीं आहेत काय?’ ह्या प्रश्नास दहा माणसें दहा उत्तरें देतील. ‘प्रत्येक चित्रांत माणूस काय करीत आहे हें दिसतें काय?’ ह्यास बहुतेकांचें उत्तर एकच येईल. म्हणजे मोजपट्टी हाही एक पडदाच झाला, आणि परीक्षक तो वापरणारा माणूस. परीक्षक चुकूं लागले तेव्हां त्यांस दोष न देतां ह्या मंडळींनीं पट्टी दुरुस्त केली. नॉर्मनसाहेबांच्या शेगडीचा न्याय त्यांनीं स्वतःच्या घरांत लागू केला, हें आम्हांस सर्वांत आवडलें.

बंधूंचा राग एव्हांना निवळला होता, पण हार पत्करावयाची नव्हती. “असेल सगळें शास्त्रशुद्ध. पण ह्याचा उपयोग काय?” मुलीनें आजीचा मोबाईल उचलून त्यांच्यापुढें धरला. आमच्या आई भजनमंडळांतील मैत्रिणींना मराठींत निरोप लिहितात. तें ज्या कळफलकावर लिहितात तो ‘स्वरचक्र’. आय. आय. टी. मुंबईंत १९६९ सालीं स्थापन झालेली औद्योगिक आरेखनाची शाळा आहे, आय. डी. सी. ह्या नांवानें ती ओळखली जाते. तेथून २०१३ सालीं हा कळफलक निघाला. व्यंजनें वर्णमालेच्या क्रमानें मांडलेलीं. ‘क’वर बोट ठेवलें कीं त्याच्याभोंवतीं का, कि, की, कु असें चक्र उघडतें. पाटीवर बाराखडी गिरवलेल्या माणसाला त्यांत नवें शिकावयाचें फारसें राहत नाहीं. आईंना तो कोणीं शिकविला असें बंधूंनीं विचारलें. कोणींच नाहीं.

त्या रात्रीं मुलगी जागली. बॅगेंतून तो कागदी नमुना काढून तिनें इंग्रजी शब्दांच्या जागीं मराठी शब्द चिकटविले, आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं आईंपुढें मांडला. “आजी, परीक्षा तुझी नाहीं, ह्या कागदांची आहे. रक्तदाबाच्या गोळ्या मागवायच्या आहेत. मनांत येईल तें मोठ्यानें बोल.” आणि ती गप्प बसली. आईंनीं चष्मा सारखा केला. वरच्या कोपऱ्यांत तीन आडव्या रेघा होत्या. यादी उघडण्याचें सर्वत्र रूढ झालेलें चिन्ह. “हे भस्माचे पट्टे कशाला ओढलेस?” शेजारीं शोध घेण्याचें भिंग होतें. “ही पळी. पळी कशाला? औषध मोजायला असेल.” बोट ठेवलें, मुलीनें मुकाट्यानें कागद सरकविला, औषध कांहीं दिसेना. भावजय कळवळून म्हणाल्या, “अग, सांग ना त्यांना!” मुलीनें ओठ घट्ट मिटले. आम्हीं पाहिलें, तिचे डोळे भरून आले होते. आईंनीं नव्या कागदाच्या कोपऱ्यांतील फुली पाहिली. ती कागद मिटविण्याची खूण. त्यांनीं हात मागें घेतला. “फुली मारलीस. म्हणजे माझें चुकलें का?”

मुलीनें तेवढें वाक्य वहींत जसेंच्या तसें लिहून घेतलें. नंतर आजी-नात दोघी कात्री आणि खळ घेऊन बसल्या. पट्ट्यांच्या जागीं ‘औषधांची यादी’ असे शब्द आले, पळीच्या जागीं ‘औषध शोधा’, आणि फुलीच्या जागीं ‘मागें जा’. अक्षरें मोठीं करावीं लागलीं म्हणून दोन बटणें काढून टाकलीं. तीं कशासाठीं होतीं हें मुलीलाही नीट सांगतां येईना.

संध्याकाळीं बंधु बँकेंतून आले तेव्हां आईंनीं त्यांना हातपाय धुवून पाटावर बसविलें आणि कागद पुढें ठेवले. “परीक्षा तुझी नाहीं, कागदांची आहे. माझ्या गोळ्या मागव.” पहिले दोन कागद त्यांनीं झटक्यांत उरकले. तिसऱ्यावर पत्ता विचारला होता, आणि पुढें जाण्याचें बटण कोठें तें दिसेना. त्यांनीं कागद उलटून पाहिला, मग आईंकडे पाहिलें. आईंनीं माळ हातांत घेतली होती आणि बोट ओठांवर ठेवलें होतें. “हें कुठें दाबायचें?” त्यांनीं विचारलें. कोणीं उत्तर दिलें नाहीं. मुलीनें वही उघडून लिहिलें: वय ५४, चष्मा आहे, तिसऱ्या कागदावर अडले.